सालीची होडी आणि तिची पंचमांश प्रतिकृती

'कनू' हा शब्द युरोपीय भाषांत आला तो कॅरिबियन समुद्रातील बेटांवरून. कोलंबसाच्या १४९३ च्या पत्रात त्याचे स्पॅनिश रूप आढळते आणि त्यानंतर लवकरच नेब्रिहाच्या स्पॅनिश-लॅटिन कोशात त्याला स्थान मिळते. या शब्दाने मुळात एकाच वृक्षाचे खोड कोरून केलेल्या होडीचा बोध होत असे. पुढे उत्तर अमेरिकेतील सालीच्या होडीलाही तेच नाव पडले. वस्तुतः या दोन होड्यांच्या घडणीत मुळीच साम्य नाही. पहिली खोडातील नको तो भाग काढून टाकून होते, तर दुसरी साल, पट्ट्या आणि मुळे एकत्र बांधून होते. शब्दाच्या प्रवासात नाव टिकते. घडणीचा क्रम मात्र नावात साठविला जात नाही. मग तो साठवावयाचा कशात? या प्रश्नाला एड्विन टॅपन अ‍ॅड्नी (१८६८–१९५०) याने जे उत्तर दिले त्याची इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावयास हवी. त्याने होडीचे वर्णन तर लिहिलेच. परंतु ती होडी एक पंचमांश मापाने पुन्हा घडवूनही दाखविली.

अ‍ॅड्नीचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. १८८७ मध्ये तो कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात वुडस्टॉक येथे आला. तेथे पीटर जो या मॅलिसीट कारागिराशी त्याची ओळख झाली आणि १८८९ मध्ये त्याच्याच मार्गदर्शनाखाली अ‍ॅड्नीने सालीची आपली पहिली होडी बांधली. पुढल्याच वर्षी 'हार्पर्स यंग पीपल' या नियतकालिकात त्याने या घडणीची सचित्र माहिती प्रसिद्ध केली. 'मॅलिसीट' हे नाव त्या लोकांचे स्वतःचे नव्हे. शेजारच्या मिकमॅक लोकांनी ते दिलेले असून त्याचा अर्थ 'अडखळत बोलणारे' असा सांगतात. संस्कृतातील 'म्लेच्छ' शब्दाचा मूळ अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नामकरणाचे नवल वाटणार नाही. ते लोक स्वतःला वोलास्तोक्वियिक, म्हणजे 'सुंदर नदीचे लोक', असे म्हणतात. त्यांची भाषा अल्गॉन्क्वियन कुलातील आहे.

या होडीच्या घडणीचे वैशिष्ट्य तिच्या क्रमात आहे. फळ्यांच्या नौकेत बहुधा आधी सांगाडा उभा राहतो व मग त्यावर फळ्या बसतात. येथे आधी कातडे तयार होते आणि सांगाडा मागाहून आत शिरतो. सपाट केलेल्या जमिनीवर भूर्ज वृक्षाच्या सालीचा अखंड पट पसरतात. भारतीय वाचकाला परिचित असलेल्या भूर्जपत्राच्या वृक्षाचाच हा सजातीय होय. सालीची बाहेरची पांढरी बाजू होडीच्या आत येते. पटावर लाकडी चौकट ठेवून ती दगडांनी दाबतात, कडेची साल वर वळवितात आणि भोवती खुंट ठोकून तिला उभी धरतात. काठाच्या पट्ट्या बसवून साल त्यांना स्प्रूस वृक्षाच्या चिरलेल्या मुळांनी शिवतात. त्यानंतर सीडरच्या पातळ पट्ट्यांचे अस्तर आत घालतात, आणि शेवटी गरम पाण्याने मऊ करून वाकविलेल्या सीडरच्या फासळ्या ठोकून बसवितात. फासळ्यांच्या ताणामुळेच साल तटतटून फुगते आणि होडीला तिचा आकार येतो. सांधे स्प्रूसच्या डिंकात चरबी मिसळून लिंपतात.

तयार होडी पाहून यांतील फार थोडे कळते. चित्रात किंवा छायाचित्रात बाह्यरेषा येते, पण कोणता ताण आधी व कोणता मागाहून, हे येत नाही. म्हणूनच एकाच ठोकळ्यातून कोरलेली शोभेची होडी आणि अ‍ॅड्नीची प्रतिकृती यांच्या मोलात मोठे अंतर आहे. त्याने मूळचेच पदार्थ वापरले व मूळच्याच रीतीने ते बांधले. पंचमांश माप घेतल्यास पंधरा फुटांची होडी तीन फुटांची होते, आणि फर-व्यापारातील छत्तीस फुटांची होडीही सात फुटांच्या थोडी वरच राहते. हे माप टाके, गाठी आणि फासळ्यांचे उतार डोळ्यांना स्पष्ट दिसण्याइतके मोठे आहे. अडचण जाडीची येते. मूळ साल एक अष्टमांश इंच जाड असेल, तर प्रतिकृतीत ती एक चाळीसांश इंच असावी लागते. लांबी पाचपट कमी होताना घनफळ एकशेपंचवीस पट घटते. म्हणून वजन आणि बळ यांविषयी प्रतिकृतीची साक्ष जशीच्या तशी घेता येत नाही. घडणीच्या क्रमाविषयी मात्र ती विश्वासार्ह ठरते. क्रम चुकला तर तीन फुटांची होडीही नीट आकाराला येत नाही.

हे काम चालू असताना मूळ कला वेगाने मागे पडत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑन्टॅरिओतील पीटरबरो परिसरात सीडरच्या फळ्या व पट्ट्या भरीव साच्यावर वाकवून होड्या तयार होऊ लागल्या. मेन राज्यात त्यांवर कॅनव्हासही चढू लागला. साच्यामुळे एकसारख्या अनेक होड्या काढणे शक्य झाले. सालीच्या होडीला असा साचा नव्हता. तिचे शास्त्र कारागिराच्या हातात आणि त्याच्या बोलण्यात होते, त्यामुळे कारागिराबरोबर ते नाहीसे होण्याचा धोका होता.

तथापि अ‍ॅड्नीच्या शंभराहून अधिक प्रतिकृतींना एकच प्रामाण्य देणे योग्य होणार नाही. काही प्रकार त्याने स्वतः बांधताना पाहिले होते. काहींची रचना त्याने जुनी छायाचित्रे, टिपणे आणि उरलेले नमुने यांवरून केली. भाषाशास्त्रात लेखात आढळणारे रूप आणि तुलनेने सिद्ध केलेले रूप असा भेद करतात व दुसऱ्यापुढे तारा छापतात. येथेही तोच विवेक हवा. भारतातील एका अलीकडील उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात काथ्याने शिवलेली नौका बांधण्यात आली आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे तिला 'कौंडिण्य' हे नाव देऊन ती भारतीय नौदलात दाखल करण्यात आली. फळ्या शिवण्याची विद्या हयात कारागिरांकडून मिळाली. पण सांगाड्याचा मूळ आराखडा उपलब्ध नसल्यामुळे आकार अनुमानाने ठरवावा लागला व मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने प्रतिकृतीवर त्याची परीक्षा झाली. ही नौका तारांकित रूप होय. यामुळे तिचे मोल कमी होत नाही. फक्त तिच्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, एवढे नेमके ठरते.

अ‍ॅड्नीने उत्तरायुष्यात मॅलिसीट भाषेचा अभ्यास केला, हा योगायोग नव्हे. ज्यांच्याकडून विद्या घ्यावयाची त्यांच्या शब्दांशिवाय ती अपुरी राहते, हे त्याला कळून चुकले होते. हे ऋण त्याने केवळ कागदावर मानले नाही. १९४६ मध्ये पीटर पॉल या मॅलिसीट गृहस्थावर टोपल्यांसाठी खाजगी जमिनीतील अ‍ॅशची झाडे तोडल्याचा आरोप आला, तेव्हा अठराव्या शतकातील तहांच्या आधारे त्याचा बचाव मांडण्यासाठी अ‍ॅड्नी पुढे झाला. हाती विद्या असूनही लाकडावर हक्क नसेल, तर ती विद्या संग्रहालयातच उरते. या खटल्यात पणाला लागले होते ते हेच.

स्वतः अ‍ॅड्नीचे दिवस ओढगस्तीत गेले. प्रतिकृतींचा संग्रह अखेर व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मॅरिनर्स संग्रहालयात गेला. त्याच्या मृत्यूनंतर स्मिथसोनियन संस्थेतील हॉवर्ड चॅपेल याने त्याची टिपणे संपादित केली व १९६४ मध्ये उत्तर अमेरिकेतील सालीच्या व चामड्याच्या होड्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यू हॅम्पशरमधील हेन्री व्हेयाँकूर या तरुणाने त्याच ग्रंथाच्या आधारे पूर्ण मापाच्या होड्या बांधल्या, आणि जॉन मॅकफी याने १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पीटर जोच्या हातातील विद्या अशा रीतीने प्रतिकृतीत, प्रतिकृतीतून ग्रंथात आणि ग्रंथातून पुन्हा हातात आली. साधनाची परीक्षा याहून निराळी असू शकत नाही. ज्या साधनावरून वस्तू पुन्हा घडविता येते, ते वर्णनाच्या पलीकडचे आहे. आणि ज्याने ते साधन निर्माण करविले त्या पीटर जोचे नाव अ‍ॅड्नीच्या नावाआधी घेणे, हे इतिहासाचे कर्तव्य आहे.