‘आयफोन’ आणि एकाच कंपनीची सक्ती

मोबाइल संच एका कंपनीचा आणि सिमकार्ड आपल्या पसंतीच्या दुसऱ्या कंपनीचे, ही भारतीय ग्राहकाच्या अंगवळणी पडलेली रीत अमेरिकेत दीर्घकाळ अपवादच होती. तेथे संच बहुधा सेवा कंपनीकडूनच, दोन वर्षांच्या कराराने मिळे आणि तो त्याच कंपनीच्या नेटवर्कशी ‘लॉक’ केलेला असे. या पद्धतीचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण म्हणजे ‘ॲपल’ व ‘एटी अँड टी’ यांच्यातील आयफोनचा करार.

स्टीव्ह जॉब्स यांनी ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर केला तेव्हा अमेरिकेतील सेवेचे एकाधिकार ‘सिंग्युलर’कडे होते, लवकरच या कंपनीने ‘एटी अँड टी’ हे नाव धारण केले. २९ जून २००७ रोजी विक्री सुरू झाली. ४९९ किंवा ५९९ डॉलर मोजूनही दोन वर्षांचा करार करावाच लागे. संचाच्या किमतीत कोणतीही सवलत नसताना ग्राहक बांधला गेला, हे विशेष.

पुढील अडचण मात्र करारापेक्षा तांत्रिक स्वरूपाची होती. एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या परिसरातील सर्व ग्राहकांत विभागली जाते. नेटवर्क प्रामुख्याने संभाषणासाठी उभारलेले, आणि आयफोनधारक तर नकाशे, चित्रफिती व संकेतस्थळे पाहू लागले. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथे बोलता बोलता कॉल तुटणे नित्याचे झाले. या दोन शहरांत सेवा अपेक्षेपेक्षा कमी पडते, हे कंपनीचे वरिष्ठ अधिकारी राल्फ दे ला व्हेगा यांनी डिसेंबर २००९ मध्ये मान्य केले; मात्र त्याच वेळी स्मार्टफोन वापरणारे ३ टक्के ग्राहक ४० टक्के डेटा वापरतात, याकडेही त्यांनी बोट दाखवले. आधी अमर्याद डेटा विकायचा आणि नंतर तो वापरणाऱ्यालाच दोष द्यायचा, असा हा प्रकार. जून २०१० पासून नव्या ग्राहकांसाठी अमर्याद योजना बंद झाली आणि स्मार्टफोनचा करार मुदतीपूर्वी मोडण्याचे कमाल शुल्क १७५ डॉलरवरून ३२५ डॉलरवर गेले.

त्याच महिन्यात आलेल्या ‘आयफोन ४’ने गुंता वाढवला. संचाची डावी खालची कड हाताने झाकली की सिग्नल क्षीण होई. आधीच्या संचाच्या तुलनेत शंभर कॉलमागे एकाहून कमी जादा कॉल तुटतो, असा ॲपलचा खुलासा होता; तरी ग्राहकांना मोफत आवरणे द्यावी लागली. कॉल तुटण्याचा दोष संचाचा की नेटवर्कचा, हे दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहण्याची सोय ग्राहकाला नव्हती. अखेर १० फेब्रुवारी २०११ रोजी ‘व्हेरायझन’चा आयफोन बाजारात आला आणि एकाधिकार संपला. तरीही करार पूर्ण केलेल्या ग्राहकांचे संच अनलॉक करून देण्यास एटी अँड टीने एप्रिल २०१२ पर्यंत वेळ घेतला. ग्राहकाला हा हक्क पुन्हा देणारा कायदा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

फ्रान्समध्ये स्पर्धा नियामकाने डिसेंबर २००८ मध्येच ‘ऑरेंज’च्या एकाधिकाराला स्थगिती दिली होती.

भारतात ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन आला तो ‘एअरटेल’ व ‘व्होडाफोन’ या दोघांमार्फत. ८ जीबी संचाची किंमत ३१ हजार रुपये होती. येथील ग्राहकाची खरी बेडी संचाची नव्हे, क्रमांकाची होती. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली, पण ती परिमंडळापुरतीच. गोवा महाराष्ट्र परिमंडळात, तर बेळगाव कर्नाटकात. त्यामुळे पणजीचा क्रमांक बेळगावच्या सेवेत नेण्यासाठी ३ जुलै २०१५ पर्यंत थांबावे लागले. तुटलेल्या कॉलमागे १ रुपया, दिवसाला कमाल ३ रुपये भरपाई देण्याचा ‘ट्राय’चा नियम मात्र सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी रद्द ठरवला.