ज्ञानदेवांचा 'डी' कुठून आला?

नेरूळ, प्रतिनिधी

सायन-पनवेल महामार्गालगतचे नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली सुरू झाले. आयर्लंडचा 'यू-टू' हा बँड डिसेंबर २०१९ मध्ये आणि ब्रिटनचा 'कोल्डप्ले' जानेवारी २०२५ मध्ये येथे गाऊन गेला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला क्रिकेट संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तोही याच मैदानावर. त्या निमित्ताने 'डी. वाय.' ही दोन अक्षरे जगभर पोहोचली. मात्र या अक्षरांमागचे नाव ज्ञानदेव यशवंतराव पाटील असे आहे. मग 'ज्ञ'ने सुरू होणाऱ्या नावाचे आद्याक्षर 'डी' कसे झाले?

याचे उत्तर मराठी उच्चारात आहे. आपण 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' असा करतो, म्हणून मराठी माणूस रोमन लिपीत ज्ञानदेव लिहिताना 'डी'पासून सुरुवात करतो. हिंदी भाषक त्याच अक्षराला 'ग्य' म्हणतो आणि 'जी'पासून आरंभ करतो. संस्कृतच्या अभ्यासकांच्या लेखनात ते 'जे'पासून सुरू होते. 'ज्ञानपीठ' पुरस्काराचे अधिकृत रोमन लेखन 'जे'नेच होते. अक्षर एकच, पण प्रांत बदलला की आद्याक्षर बदलते. ज्ञानेश्वरांवरील इंग्रजी पुस्तके शोधणाऱ्याला तीन-चार प्रकारे नाव टाइप करून पाहावे लागते, त्याचे कारण हेच.

रस्त्यावरच्या पाटीपुरता हा प्रश्न गमतीचा वाटेल. परंतु ज्याचे पोट नावावर चालते, त्या गायक-नटाला तो टाळता येत नाही. रंगमंचावरचे नाव रोमन लिपीत कसे लिहायचे, हे त्याला एकदा ठरवावेच लागते.

आद्याक्षरांची दोन घराणी

मराठीत आद्याक्षर घेताना आपण मात्रेसकट अक्षर उचलतो. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे 'पु. ल.' होतात आणि गजानन दिगंबर माडगूळकर 'ग. दि.'. इंग्रजीत मात्र ते अनुक्रमे 'पी. एल.' आणि 'जी. डी.'. 'पु'मधला उकार आणि 'दि'मधली वेलांटी वाटेत गळून पडते.

कधी उलटा प्रवासही घडतो. शांताराम राजाराम वणकुद्रे यांनी आडनावाचे आद्याक्षर पुढे घेतले आणि चित्रपटसृष्टीला व्ही. शांताराम मिळाले. येथे रोमन अक्षराचे नावच देवनागरीत येऊन बसले. 'व. शांताराम' असे कोणी म्हणत नाही, जसे स्टेडियमला कोणी 'ज्ञा. य. पाटील' म्हणत नाही.

सव्वीस अक्षरांची अडचण

रोमन लिपीत अक्षरे २६. त्यांत 'ळ' नाही, 'ण' नाही. 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' यांत भेद नाही. 'अ' आणि 'आ' एकाच 'ए'वर भागवावे लागतात. हार्बर मार्गावरचे नेरूळ आणि माथेरानच्या छोट्या गाडीचे नेरळ यांच्या रोमन पाट्यांत फक्त एका स्वराचा फरक आहे, आणि दोन्हींचा 'ळ' साध्या 'एल'मध्ये मिसळून गेला आहे. किशोरी आमोणकर यांच्या आडनावातला 'ण' असाच 'एन'मध्ये विरला. सई परांजपे आणि सई ताम्हणकर यांचे पहिले नाव रोमनमध्ये 'साई'हून वेगळे ओळखता येत नाही.

यावर उपाय नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतर पद्धत सरकारने स्वीकारली. स्थलनामांच्या रोमन लेखनाचा पाया आजही तीच आहे. तिच्यात दीर्घ स्वरांवर खूण करण्याची सोय होती, पण फलकांवर आणि अर्जांवर त्या खुणा टिकल्या नाहीत. २००१ मध्ये भारतीय लिपींसाठी 'आयएसओ १५९१९' हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात 'ळ', 'ण', दीर्घ स्वर या सर्वांना स्वतंत्र, खुणांसह अक्षरे आहेत. ते ग्रंथालयांत आणि संशोधनात उपयोगी पडते. नाटकाच्या जाहिरातीत किंवा पारपत्राच्या अर्जात नाही. त्यामुळे जिथे नियम थांबतो, तिथे घराण्याची परंपरा, शाळेतल्या बाईंनी केलेली नोंद किंवा स्वतःची निवड कामाला येते.

कलावंतांनी काढलेल्या वाटा

माधुरी दीक्षित यांच्या आडनावातल्या 'क्षि'साठी 'एक्स-आय' येते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या 'क्ष्मी'लाही 'एक्स'चाच आधार आहे. के, एस, एच अशी तीन अक्षरे लिहिण्याचे कष्ट त्यात वाचतात. गंमत अशी, की गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या लेखनात हाच 'एक्स' 'श'चे काम करतो. मांडवीच्या काठी 'श' असलेला 'एक्स' मुंबईत 'क्ष' होतो.

दुसरी अडचण शेवटच्या 'ए'काराची. इंग्रजी वाचकाला शब्दाच्या अंती येणारा 'ई' मुका ठेवण्याची सवय असते. त्यामुळे भावगीत गायक अरुण दाते यांचे आडनाव त्याला तारखेच्या इंग्रजी शब्दासारखे दिसते. मोरे, गोरे, माने, काळे यांचीही तीच गत. परांजपे घराण्याने यावर जुनाच तोडगा काढलेला आहे. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे आडनावाच्या शेवटी 'पी-वाय-ई' लिहीत. त्यांची नात, चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे यांनीही तोच 'वाय' जपला. त्या एका अक्षरामुळे शेवटचा 'पे' सहसा गिळला जात नाही. प्रसाद ओक यांचे आडनाव तर थेट इंग्रजीतल्या वृक्षाच्या नावासारखे लिहिले जाते. उच्चार जुळला, अर्थ पाहुणा आला.

दीर्घ 'ऊ'साठी श्रीराम लागू आणि रीमा लागू यांनी 'डबल ओ' वापरला. अवधूत गुप्ते यांच्या पहिल्या नावातही तो आहे. 'फ'बाबत तर दोन पक्षच आहेत : सुधीर फडके यांच्या नावात 'पी-एच', देवेंद्र फडणवीस यांच्या नावात 'एफ'. चित्रपटांच्या शीर्षकांतही हेच दिसते. २०१० च्या 'झेंडा'ला 'झेड', तर २०२१ च्या 'झिम्मा'ला 'जे-एच'.

रितेश देशमुख २००३ मध्ये पडद्यावर आले. पुढे त्यांनी आपल्या रोमन नावात एक जादा 'आय' घेतला. देवनागरीत ते पूर्वीही 'रितेश' होते, आजही आहेत. रोमन नाव हे मूळ नावाची सावली नसून दुसरे, स्वतंत्रपणे बदलता येणारे नाव आहे, हे दाखविणारे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पुसलेला अनुस्वार, उरलेला 'एन'

१९६२ मध्ये राज्य शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि उच्चार न होणारे अनुस्वार लेखनातून गेले. 'गांव'चे 'गाव' झाले, 'नांव'चे 'नाव' झाले. रोमन पाट्यांना मात्र हा नियम कोणी कळवला नाही! गोरेगाव, जळगाव, मालेगाव यांच्या रोमन लेखनात तो 'एन' अजून उभा आहे. सचिन पिळगावकर यांच्या आडनावातही तो आहे. भोसले हे आडनाव कुठे 'एन'सह, तर कुठे त्याविना लिहिले जाते, त्यामागेही 'भोंसले' या जुन्या रूपाचा अनुस्वार आहे. आशा भोसले यांच्या प्रचलित रोमन नावात तो 'एन' नाही. देवनागरीतून हद्दपार झालेला अनुस्वार असा परक्या लिपीत आश्रयाला राहिला आहे.

एक 'कांत', दोन रूपे

बंगळूरच्या मराठी भाषक कुटुंबात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड यांना दिग्दर्शक के. बालचंदर यांनी 'रजनीकांत' हे नाव दिले. त्यांचा पहिला चित्रपट १९७५ साली आला. त्यांच्या 'कांत'च्या शेवटी 'टी-एच' आहे, तर लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या 'कांत'च्या शेवटी नुसता 'टी'. दक्षिणेत 'टी' हा 'ट'साठी राखून 'त'साठी 'टी-एच' लिहितात. महाराष्ट्रात 'टी-एच' म्हणजे 'थ'. दोघांचीही घरची भाषा मराठी, पण नाव ज्या प्रांतात घडले त्या प्रांताची रोमन रीत त्याला चिकटली.

जपानचा अनुभव

ही अडचण आपलीच नाही. जपानमध्ये दोन रोमन पद्धती दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदल्या : अमेरिकी मिशनरी डॉक्टर जेम्स हेपबर्न यांच्या नावाची एक आणि 'कुनरेई' ही सरकारी दुसरी. विख्यात नट तोशिरो मिफुने यांचे आडनाव दुसऱ्या पद्धतीने 'मिहुने' असे लिहावे लागले असते; जगाने त्यांना हेपबर्न पद्धतीने ओळखले. त्यांच्या नावातला शेवटचा 'ओ' मुळात दीर्घ, पण रूढ रोमन लेखनात ती खूण नसते. बेसबॉलपटू शोहेई ओहतानी यांच्या आडनावातला 'एच' मात्र पहिला 'ओ' दीर्घ आहे, हे सांगण्यापुरताच आहे. 'परांजपे'तल्या 'वाय'चा तो भाऊच. नावाच्या क्रमाबाबतही जपानी शासनाने भूमिका घेतली. १ जानेवारी २०२० पासून तेथील सरकारी कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहिले जाते.

तबकडीपासून अंतराळापर्यंत

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी नावाचा प्रश्न आवाजानेच सोडवला जात असे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांनी गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवर येथे तयार होत. तिथल्या कारागिरांना कोणाची तबकडी हे त्यावरून कळे. तेथून पुढे चकतीवरचे रोमन नाव हीच गायकाची दूरदेशीची ओळख ठरली.

१९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात धाडलेल्या सोनेरी तबकडीत भारताचे एकच गाणे आहे, केसरबाई केरकर यांचे 'जात कहाँ हो'. नासाच्या यादीत 'सूरश्री' ही उपाधी त्यांच्या नावाचाच भाग होऊन आली आहे, आणि 'केसरबाई' हे एक नाव 'केसर' व 'बाई' असे दोन शब्दांत तुटले आहे. ज्या केरी गावावरून आडनाव आले, त्याचे पोर्तुगीज रूप 'क्यू'ने सुरू होते. केरकरांचे आडनाव मात्र 'के'ने. यानांचे उड्डाण झाले ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये; केसरबाईंचे निधन त्याच वर्षी १६ सप्टेंबरला झाले.

नावाचे कागद आणि हक्काचे पैसे

आज ही निवड थेट व्यवहाराशी जोडलेली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पारपत्राच्या यंत्रवाचनीय पट्ट्यात नावासाठी फक्त २६ साधी रोमन अक्षरे चालतात. वर टिंब नाही, खाली टिंब नाही. आधार कार्डावर दोन्ही लिप्यांत नाव असते आणि दोन्ही रूपे नोंदणीच्या वेळीच तपासून घ्यावी लागतात. कागदोपत्री नाव बदलायचे तर राज्य शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावे लागते. रंगमंचावरच्या नावाला ही अट नाही, परंतु करार आणि बँक खाते कायदेशीर नावानेच चालते. दोन्ही रूपे करारात लिहून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलावंताला दिला. हा हक्क बजावायचा तर नाव सर्वत्र एकसारखे हवे. एका अल्बमवर 'क्ष'साठी 'एक्स' आणि दुसऱ्यावर 'के-एस-एच' लिहिले, तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसे होऊ शकतात. यासाठी गीतकार-संगीतकारांच्या संस्था 'आयपीआय' क्रमांक वापरतात. एकाच व्यक्तीची अनेक नामरूपे त्यात एकत्र बांधता येतात. २०१२ साली आलेला सोळा अंकी 'आयएसएनआय' हा क्रमांकही त्याच कामाचा. लिपी कोणतीही असो, आकडा बदलत नाही.

नेरूळच्या एखाद्या मुलीचे नाव पहिल्यांदा कार्यक्रमपत्रिकेवर रोमन अक्षरांत छापले जाईल, तेव्हा तिने आणि तिच्या आईवडिलांनी दहा मिनिटे खर्चून तीन गोष्टी पाहाव्यात : परक्या वाचकाकडून ते कसे वाचले जाईल, पारपत्रावर ते कसे आहे आणि त्याच रोमन रूपाचा दुसरा कलावंत आधीच आहे का. 'ळ' किंवा 'ण' रोमनमध्ये येणार नाही, हे गृहीतच धरावे. मात्र जे रूप एकदा ठरेल, ते पत्रिकेवर, करारावर आणि बँकेत सारखेच ठेवावे. आणि पत्रिकेत जागा असेल, तर शेजारी देवनागरीतले नावही छापावे. 'नेरूळ'मधला 'ळ' स्थानकाच्या पाटीवर टिकला आहे, तो अशा जोड-लेखनामुळेच.