बापाचा वाटा

कुष्ठरोगाचा इतिहास लिहिणारे बहुधा वैद्यांचा व संस्थापकांचा इतिहास लिहितात. रोग्याच्या मुलाचा त्यांत कोठें पत्ता लागत नाहीं. वस्तुतः हा रोग जितका माणसाच्या अंगावर, तितकाच त्याच्या घरावर उतरे. तो सहसा मारीत नाहीं. औषध नसतां वर्षानुवर्षें घरांत राहतो. प्रथम कातडीवर बधिर चट्टा येतो, मग बोटें आंखडतात, पायाची जखम कळेनाशी होते, पुढें पापणीहि मिटत नाहीं. यांतील प्रत्येक पायरीला घरांतील कोणास तरी ठरवावें लागे कीं, आतां बापाचें ताट कोठें वाढावयाचें.

या प्रश्नाचा अर्धा निकाल आमच्याच मुलखाच्या शेजारीं लागला होता. लातूरहून फार दूर नसलेलें कल्याण (आजचें बसवकल्याण) ही चालुक्यांची राजधानी. तेथें सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (1076–1126) विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. असाध्य रोग्यास वडिलार्जित धनांत वाटा नाहीं. त्याचें पोषण मात्र झालें पाहिजे. आणि त्याचा निर्दोष पुत्र वाट्याचा अधिकारी, असा तिचा दंडक आहे. म्हणजे बाप जिवंत असतांना मुलगा धनी होई, आणि बाप त्याच्या हाताकडे पाहात बसे. पोषण करा म्हणणें सोपें. तें ओसरीवर कीं गोठ्यांत, हें शास्त्र सांगत नाहीं.

परंतु त्याच प्रकरणांत विज्ञानेश्वर आणखी एक गोष्ट सांगतो, आणि मला ती फार मोलाची वाटते. औषधादि उपायांनीं दोष गेला, तर वाटणी झाल्यावरहि त्या माणसास आपला वाटा मिळावा! हा वाटा शतकानुशतकें औषधाची वाट पाहात राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानांत 1928 च्या कायद्यानें अशा रोग्याची वारसाबंदी उठली. भोकर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें.

औषधाची पहिली चाहूल आमच्याकडे तेलंगणांतून आली. भोकरकडून निघून मुदखेडास गाडी बदलली कीं धर्माबाद, बासर, निजामाबाद आणि पुढें डिचपल्ली. तेथें स्कॉटिश डॉक्टरीण इझाबेल केर व त्यांचे पति यांनीं 1915 सालीं रुग्णालय काढलें. राजा नरसा गौड यांनीं त्यास हात दिला. कडू कवठीच्या जातीच्या झाडांचें तेल तेथें टोंचीत. तें टोंचणें फार दुखे, आणि गुण अनिश्चित. त्या काळच्या अनेक मिशनरी आश्रमांत निरोगी अर्भकें आईबापांपासून काढून वेगळ्या गृहांत वाढवीत. हेतु चांगला होता. पण तान्हें मूल जिच्या हातून नेलें, तिला हेतूचें काय? खरें औषध पुढें आलें. डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन यांची संयुक्त योजना जागतिक आरोग्य संघटनेनें 1981 मध्यें सुचविली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या कीं रोग बरा होतो. संसर्गाची भीति तर थोड्याच दिवसांत सरते. आंखडलेलें बोट मात्र गोळीनें सरळ होत नाहीं, आणि गांव जंतु पाहात नाहीं, बोट पाहातो. कायदाहि मागें रेंगाळला: 1898 चा महारोग्यांचा कायदा 2016 मध्यें रद्द झाला, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण 2019 मध्यें वगळलें गेलें.

माझ्या लहानपणीं भोकरला आमच्या घरामागें एक म्हातारा शेताच्या कडेला खोपटांत राही. मुलगा रोज भाकरी घेऊन जाई. टोपलें दाराशीं ठेवी आणि बोलत उभा राही, पण आंत जात नसे. पुढें गोळ्यांचा क्रम पुरा झाला. मुलगा म्हणाला, “आबा, आता घरी चला.” म्हातारा म्हणाला, “आधी नातीचं लगीन होऊ दे.” लग्नाच्या दिवशीं तो पहांटेची गाडी धरून मुदखेडला गेला, आणि मांडव सुटल्यावर परत आला.