चव्हाण (आडनाव)

चव्हाण : महाराष्ट्रातील एक बहुप्रचलित आडनाव. मराठ्यांच्या शहाण्णव कुळांत ते येते. बंजारा समाजातही राठोड, पवार, जाधव यांच्या बरोबरीने ते आढळते. नांदेड जिल्ह्यात हदगाव, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यात गावातले चव्हाण आणि तांड्यावरचे चव्हाण शेजारी नांदतात. आडनावावरून जात किंवा भाऊबंदकी ताडू पाहणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. म्हणून ‘कुठले चव्हाण?’ हा प्रश्न आधी येतो.

या आडनावाचे चार मुख्यमंत्री राज्याला लाभले. त्यांपैकी शंकरराव (1920–2004) व अशोकराव हे नांदेडचे पिता-पुत्र. यशवंतराव व पृथ्वीराज हे दोघे कराडचे, पण घराणी वेगळी. नोव्हेंबर 2010 मध्ये अशोकरावांच्या जागी पृथ्वीराज आले, तेव्हा मुख्यमंत्री बदलला, आडनाव तेच राहिले. शंकरराव मूळचे पैठणचे, शिस्तीमुळे राजकारणात ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले गेले. केंद्रात गृह व अर्थ ही खाती सांभाळूनही मराठवाडा त्यांना आठवतो तो पाण्यासाठी, जायकवाडी आणि विष्णुपुरीसाठी.

खरा घोळ रवींद्र चव्हाण या नावाचा. रवींद्र वसंतराव चव्हाण हे नायगावच्या घराण्यातले, काँग्रेसचे. वडील खासदार वसंतराव यांचे ऑगस्ट 2024 मध्ये निधन झाल्यावर नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत ते नांदेडमधून 1,457 मतांनी निवडून आले. रवींद्र दत्तात्रय चव्हाण हे डोंबिवलीचे आमदार. राज्याचे बांधकाममंत्री होते आणि जुलै 2025 पासून भाजपचे प्रदेशाध्यक्ष आहेत. वडिलांचे नाव गाळून बातमी लिहिली की पक्षांतर झाल्याचा भास होतो! त्यात अशोकराव फेब्रुवारी 2024 मध्येच भाजपवासी झालेले. हदगाव तालुका नांदेड जिल्ह्यात असला तरी लोकसभेला हिंगोलीत मोडतो, तेव्हा या पोटनिवडणुकीत हदगावकरांना मतच नव्हते; चर्चेला अर्थातच आडकाठी नव्हती.

राजकारणाबाहेरही हे आडनाव गाजले. ‘मोरूची मावशी’त साडी नेसून प्रेक्षकांना हसवणारे विजय चव्हाण (1955–2018) त्यांपैकी एक. लावणीगायिका सुलोचना चव्हाण (1933–2022) माहेरच्या कदम. हे आडनाव त्यांना सासरकडून मिळाले. अभिनेत्री सुलोचना लाटकर यांच्याशी त्यांची गल्लत होते, म्हणजे तिथे घोटाळा पहिल्या नावाचा.

एकाच आडनावाची अशी गर्दी इतरत्रही आहे. स्वीडनमध्ये बापाच्या नावापुढे ‘सन’ लावून झालेली नावे पुढे कायमची आडनावे ठरली. ‘अ‍ॅबा’ संगीतसमूहातले बेनी अँडरसन, चित्रपट-दिग्दर्शक रॉय अँडरसन आणि 2021–22 मध्ये पंतप्रधान असलेल्या मॅग्डालेना अँडरसन यांचा परस्परांशी नात्याचा संबंध नाही. आपल्याकडे बापाचे नाव मधे वेगळे उरते आणि मतदारयादीत तेच कामी येते.