आंकड्यांशीं न जुळणारें मन

जयसिंगपूर गांवांतील गल्ल्या आंकड्यांनीं ओळखल्या जातात. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या नांवानें ही पेठ वसविली. सरळ रस्ते आंखून त्यांना काटकोनांत गल्ल्या काढल्या. तंबाखू, शेंगा व गूळ यांच्या या बाजारपेठेंत हिशेब हें जणुं दुसरें व्याकरणच. अशा गांवीं एखादें चुणचुणीत मूल सातवी गल्ली आधीं कीं नववी, यांतच घोटाळूं लागलें, तर घरचीं माणसें काय म्हणणार? ‘लक्ष नाहीं’, ‘आळशी आहे’, हाच निकाल!

हा निकाल फार जुना आहे. पंतोजींच्या शाळेंत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असें अपूर्णांकांचें ओझें मुलांच्या जिभेवर चढे. चुकलें कीं छडी. ज्यांना तें पेलत नसे, तीं शाळा सोडून शेतावर वा गुरांमागें जात. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला. हें पाऊल थोर होतें यांत शंका नाहीं. परंतु गणितास भिऊन पळण्याची वाट त्यामुळें बंद झाली, आणि हीं मुलें कां अडतात हा प्रश्न शाळेपुढें उभा राहिला.

त्याच सुमारास, १९१९-२० मध्यें, स्वीडनमधील मेंदूतज्ज्ञ सॉलोमन हेन्शेन यांनीं दाखविलें कीं, मेंदूस इजा झाल्यास वाचा शाबूत राहूनहि गणनशक्ति नाहींशी होऊं शकते. पुढें १९७४ सालीं चेकोस्लोव्हाकियांतील मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनीं मुलांमधील जन्मजात अडचणीचा, म्हणजे ‘डिस्कॅल्क्युलिया’चा, पद्धतशीर विचार मांडला. अशा मुलाची बुद्धि मंद नसते. पण आठ मोठे कीं सहा, हें इतरांस पाहतांक्षणींच उमगतें, तें त्यास बोटांवर मोजावें लागतें. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाहीं. घड्याळ पाहणें, मोड परत घेणें, दोन्हीं अवघड. शंभरांत ३ ते ६ मुलें अशीं असावींत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

महाराष्ट्रांत १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांस शालान्त परीक्षेंत अधिक वेळ, तसेंच बीजगणित-भूमितीऐवजीं खालच्या इयत्तेचें गणित, अशा सवलती मिळूं लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें या उणिवेस नांवानिशीं मान्यता दिली. तो एप्रिल २०१७ मध्यें, म्हणजे करवीरच्या सक्तीनंतर शंभराव्या वर्षीं, अंमलांत आला.

कायद्यानें सवलत मिळते. शिकविण्याचें काम उरतेंच. घोकंपट्टी वाढवून तें साधत नाहीं. चिंचोक्यांच्या दहा-दहांच्या राशी, चौकटींचा कागद, खऱ्या नाण्यांनीं केलेली भाजीखरेदी, यांनीं संख्या आधीं हातास लागते, मग मनास सांपडते. मोठेपणीं त्यानें हिशेबास यंत्र वापरलें, तर चष्मा लावणाऱ्यास कोणी हिणवीत नाहीं, तसें त्यासहि हिणवूं नये. मूल शाळेंत आणण्याची सक्ती हुकुमानें करतां आली. तें कां अडलें हें समजून घेण्याची सक्ती मात्र आईबापांनीं व शिक्षकांनीं आपणच आपल्यावर करून घ्यावयाची असते.