पदव्यांची यादी पुरे, आता संशोधक विद्यार्थी भीमराव समजून घेऊ

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या सडक अर्जुनी तालुक्यातल्या गावागावात बॅनर लागतात. बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो आणि बाजूला पदव्यांची लांबलचक ओळ. भाषणात कोणी बत्तीस पदव्या सांगतो, कोणी त्याहून जास्त. टाळ्या पडतात. पण त्या पदव्यांसाठी बाबासाहेबांनी नेमके काय लिहिले, कोणाशी वाद घातला, पैसे कुठून आणले, प्रबंध परत आल्यावर काय केले, हे विचारले तर मंडपात शांतता पसरते. ही शांतता मला खटकते. पदव्या मोजल्या की माणूस चमत्कार होतो, आणि चमत्काराच्या वाटेने कोणी चालत नाही, त्याला फक्त हार घालतात. बाबासाहेब मात्र त्या काळात एका विद्यापीठाचे पदव्युत्तर विद्यार्थी होते. त्यांना शिष्यवृत्ती होती, मार्गदर्शक होते, चर्चासत्रात निबंध वाचावा लागत होता, मुदत संपत होती, पैसे पुरत नव्हते. आज नागपूर विद्यापीठात पीएचडीची नोंदणी करून गावी धानकापणीला येणाऱ्या आपल्या पोरापोरींचे आयुष्य याहून फार वेगळे नाही. म्हणून हा इतिहास यादी म्हणून नव्हे, तर संशोधनाचा इतिहास म्हणून वाचला पाहिजे.

१९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर, २ फेब्रुवारी १९१३ ला वडील सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी ४ जूनला भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला: परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. रक्कम महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्यातूनच घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. सयाजीराव गायकवाडांचे उपकार आपण मानतोच, मानलेच पाहिजेत. पण करारातली एक गोष्ट लक्षात घ्या. संधी मिळाली ती एका राजाच्या मर्जीने, कायद्याच्या हक्काने नव्हे. पुढे बाबासाहेबांनी शिष्यवृत्ती ही सरकारची जबाबदारी आहे असे का मांडले, याचे उत्तर या अनुभवात सापडते. व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज कॉलेजच्या खिडकीत आपण जो फॉर्म भरतो, त्याची मुळे इथे आहेत.

कोलंबियात त्यांनी काय शिकले ते बघा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा एकेक. शिकवायला एडविन सेलिग्मन, जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल यांच्यासारखी माणसे. एवढे विषय पदवीसाठी लागत नव्हते. मिळालेल्या मुदतीतला एकही दिवस वाया जाऊ द्यायचा नाही असा हा हिशोब होता. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे की न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जवळपास दोन हजार जुनी पुस्तके जमवली. मे १९१५ मध्ये एम. ए. साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्त यांवरचा प्रबंध दिला. तो फक्त ४२ पानांचा आहे. पानांची जाडी वाढवण्यासाठी कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी तो एकदा जरूर चाळावा.

पण मला जास्त थांबायचे आहे ते ९ मे १९१६ या तारखेवर. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. समाजशास्त्रात एम. ए. करताना आम्हाला जातीवर घुर्ये शिकवले, श्रीनिवास शिकवले, हा निबंध अभ्यासक्रमाच्या बाहेर वाचावा लागला. तो वाचला तेव्हा कळले की आधी काय वाचायला हवे होते.

निबंधाची रीत संशोधकाची आहे. आधी जातीवर लिहिणाऱ्या जुन्या अभ्यासकांच्या व्याख्या समोर ठेवायच्या: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. हे केतकर म्हणजे ज्ञानकोशकार. अमरावतीत शिकलेले, आणि बाबासाहेबांच्या काही वर्षे आधी अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी. जातीच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले होते. एकाच न्यूयॉर्क राज्यातल्या दोन विद्यापीठांत, थोड्या अंतराने, दोन मराठी विद्यार्थी जातीवर लिहित होते. एक ब्राह्मण, एक महार. बाबासाहेब केतकरांना तुच्छ लेखत नाहीत. उलट जात ही एकटी वस्तू नसून जातींच्या व्यवस्थेचा भाग आहे हे केतकरांनी ओळखले, याचे श्रेय देतात. मग चूक दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती, जन्माने सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन लक्षणे नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्न जातीतच करायचे म्हटले की सदस्यत्व आपोआप जन्मावर येते.

इथून पुढे ते जे करतात ते कोणत्याही जुन्या अभ्यासकाने केले नव्हते. जातीतच लग्न हा नियम टिकवायचा तर जातीत लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री जास्तीची उरते, बायको मेली की एक पुरुष. त्या 'जास्तीच्या' स्त्रीने जातीबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते, जातीतच केले तर दुसऱ्या मुलीचा नवरा जातो. म्हणून तिला जाळायचे, म्हणजे सती. नाहीतर सक्तीचे वैधव्य. आणि विधुर पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. त्याला जातीत ठेवायचे तर लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी द्यायची, म्हणजे बालविवाह. धर्मग्रंथ या प्रथांचे गुणगान करतात ते नंतर. आधी गरज, मग गुणगान. जात टिकते ती बाईच्या शरीरावर ताबा ठेवून, हे वाक्य आज कार्यशाळांमध्ये नवे म्हणून सांगितले जाते. त्याचे गणित १९१६ मध्ये एका विद्यार्थ्याने मांडले होते. आपल्या भागात आंतरजातीय लग्न झाले की पंचायत कोणाच्या घरावर बसते, मुलीच्या की मुलाच्या, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

आता पैशाची गोष्ट. जून १९१६ मध्ये पीएचडीचा प्रबंध सादर झाला. पण कोलंबियाचा तेव्हाचा नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी नाही. तो ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचे पुस्तक म्हणून लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाने छापला १९२५ मध्ये, प्रस्तावना सेलिग्मन यांची. पदवी हातात आली १९२७ मध्ये. काम झाल्यावर अकरा वर्षांनी! मधल्या काळात काय झाले? ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांत परत येण्याची मुभा तेवढी दिली. परतताना सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते, ती बोट महायुद्धात बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, हे तर सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम. एस्सी. ऑक्टोबर १९२२ ला रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी. चा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला येऊन त्यांनी इथे बसून तो दुरुस्त केला आणि पाठवला. तो मान्य झाला आणि वर्षअखेरीस पुस्तकही निघाले. त्याला एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि काही मुद्द्यांवर आपण लेखकाशी सहमत नाही असे गुरू त्यातच लिहितो. आपल्याकडे गाइडशी मतभेद म्हणजे फाइल अडकली समजा. (त्या एप्रिलमध्ये आपले नागपूर विद्यापीठ अजून जन्मायचे होते, ते ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झाले.)

हा इतिहास उगाळण्याचे कारण आजचे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप २००५-०६ मध्ये सुरू झाली, पुण्याच्या बार्टीची स्वतःची फेलोशिप आहे, परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे. कागदावर संधी आहेत. पण हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप सात महिने थांबली होती आणि १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसावे लागले. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, गावात मुलाखती घेत असायला हवे होते, ते मैदानात होते. संशोधन करणाऱ्याचे वर्ष असे जाते तेव्हा ते कोणाच्या खात्यात जमा धरायचे?

त्याहून मोठी गोष्ट फार कमी लोकांनी मनावर घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास या विषयांना शिष्यवृत्ती नाही. म्हणजे आपल्या पोराने परदेशात जाऊन यंत्रे शिकावी, औषधे शिकावी, पण जातीवर लिहू नये. हा नियम १९१३ मध्ये असता तर 'भारतातील जाती' हा निबंध कुठल्या पैशाने लिहिला गेला असता? काही जण म्हणतात, इथल्या विषयाचा अभ्यास इथेच करावा. ऐकायला बरे वाटते. पण इथल्या विभागात जातीवर विषय घेतला तर गाइड मिळायला किती फिरावे लागते, हेही त्यांनीच सांगावे.

आणि परदेशी विद्यार्थ्यांना हा विषय कधी बंद नव्हता. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध केला, १९६९ मध्ये. गेल ऑम्व्हेट यांनी बर्कलेहून येऊन ब्राह्मणेतर चळवळीवर केला, १९७३ मध्ये, आणि त्या पुढे इथल्याच झाल्या. दोघींचे ऋण मोठे आहे. पण त्यांना कागद देणारी, आठवणी सांगणारी माणसे आपली होती. वस्त्यांमधल्या पेट्यांमध्ये ठेवलेली पत्रके, अंक, फोटो त्यांनी गंभीरपणे घेतले. आपल्या विद्यापीठांनी तेव्हा घेतले नाहीत. मग हे काम आपल्या माणसांनी विद्यापीठाबाहेर केले. नागपूरच्या वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन खंडाखंडाने संपादित केले, पहिला खंड १९७९ चा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत गावोगाव फिरून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले, १९८९ मध्ये. माझ्या मते मराठीत समाजशास्त्राच्या क्षेत्रकार्याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही, आणि तो कुठल्याही विभागाने करवून घेतलेला नाही.

आता विषय नाहीत म्हणणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या एम. ए. झालेल्यांसाठी. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया जिल्हा १९९९ चा, तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यातच होतो. त्या प्रचारात गावातून कोण गेले, कोणी बैलगाडी जुंपली, कोणत्या समाजाने मते दिली नाहीत आणि का? १९४२ च्या जुलैत नागपुरात झालेल्या महिला परिषदेला या धानपट्ट्यातून कोणी गेले होते का? १९५६ ला दीक्षाभूमीवर पायी आणि रेल्वेने गेलेल्यांपैकी जे तेव्हा दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. मालगुजारी तलावांच्या पाण्यावर आणि मासेमारीवर कोणाचा हक्क होता, धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडल्यावर बलुते बंद झाले तेव्हा कुटुंबे कशी जगली, हेही कोणी लिहून काढलेले नाही.

यासाठी फेलोशिपची वाट पाहायची गरज नाही, मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड होतो. मुलाखत घेताना तारीख, गाव, सांगणाऱ्याचे वय लिहा आणि त्यांची परवानगी घ्या. बाबासाहेबांचे अर्थशास्त्राचे प्रबंध इंग्रजी खंड ६ मध्ये आहेत, 'भारतातील जाती' खंड १ मध्ये. येत्या वर्षावासात बुद्धविहारात दर रविवारी धम्मग्रंथाच्या वाचनानंतर अर्धा तास हा निबंध वाचायचा असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे, परिच्छेदामागून परिच्छेद, मराठीत अर्थ लावत. ज्यांना यायचे त्यांनी वही घेऊन यावे.

जयभीम.