कारवी फुललेल्या साली

पायातले बूट काढा. तिकीट, कॅमेरा, छत्री, सगळं इथेच राहू द्या. साताऱ्याच्या पश्चिमेला, सुमारे 1200 मीटर उंचीवरच्या कास पठारावर तुम्ही उभे आहात, आणि आपल्याला जागा न सोडता 200 वर्षं मागे जायचंय. 2012 साली मिळालेला जागतिक वारशाचा मान, रविवारची गाड्यांची रांग, यातलं तिकडे काही नाही. कासचा तलावसुद्धा अजून बांधलेला नाही. महिना भादव्याचा. मिटा डोळे.

पहिल्यांदा कळतं ते तळपायाला. खाली खडबडीत, गार जांभा. त्यावर जेमतेम बोटभर माती आणि तिच्यातून झिरपत चाललेलं पाणी. पाय फुलांवरच पडतोय, चुकवायला जागाच नाही. इकडे सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा, तिकडे गेंदाचे पांढरे गोंडे, पलीकडे सोनकी-कवळ्याचा पिवळा उतार. धुकं येतं, सगळं पुसून टाकतं, जातं. अंगावरचे कपडे चिंब. जरा वाकून बघा. बोटाएवढ्या झाडाच्या लालसर केसांवर चिकट थेंब आहेत आणि एक चिलट त्यात तडफडतंय. हे दवबिंदू. एवढ्याशा मातीवर पोट भरत नाही, म्हणून ते किडे खातं. सीतेची आसवंही त्याच वाटेनं जगतात. त्यांच्या पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात, म्हणून शिकार दिसत नाही.

"पाव्हणं, सरका की!"

मागून म्हशी. ओल्या म्हशीचा, ओल्या घोंगडीचा वास एकदम नाकात. गवळी धनगराचा पोरगा तुम्हाला कोपरानं बाजूला करतो आणि तसाच फुलं तुडवत निघतो. त्याच्या मागोमाग उतारावरून खाली चला. पायाला जळवा लागतील, लागू द्या.

आता तुमच्या डोक्याच्याही वर कारवी. निळीजांभळी, दाट, पानं खरखरीत, हाताला ओरखडणारी. आणि आवाज! मधमाश्यांचा घुमारा इतका की पोराशी ओरडून बोलावं लागतं. सात-आठ वर्षं या झुडपांवर नुसता पाला असतो. मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम फुलतो, आणि बी धरून एकदमच मरतो. तुम्ही नेमके त्या साली आलात.

गावातलं पहिलंच घर. आत शिरताच चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात.

"कुठनं आलासा? बसा. कुडाला टेकू नका, ओला हाय."

हा कूडही कारवीचाच. मागच्या फुलोऱ्यानंतर वाळलेल्या काठ्या शेजारीशेजारी बांधून वर शेणमाती लिंपलेली. हातावर नाचणीची भाकरी येते आणि तिच्यावर कवळ्याची भाजी. पठारावर ज्याची पिवळी फुलं तुडवलीत, तोच हा कवळा. मला सगळ्यात भावतं ते हेच. इथे फुलं बघायला म्हणून कुणी जात नाही. ती भिंतीत आहेत, भाकरीवर आहेत, आणि आज तर देव्हाऱ्यात येणार आहेत.

कारण आज गौर यायची आहे. बायका झऱ्यावरून तेरडा घेऊन येतात, मुळांसकट उपटलेला. मुळं नीट धुतलेली, कारण तीच गौरीची पावलं. एवढ्याशा घरात सगळा गाव दाटतो. ओली लुगडी, हळदीचा वास, घाम, कुणाचं तरी रडणारं लेकरू तुमच्या मांडीवर. मग फुगड्या सुरू होतात आणि शेणानं सारवलेली जमीन पायाखाली दणाणते. तुम्हालाही हात धरून ओढतील. नाही म्हणू नका.

थोडं पुढे सरकू या. वैशाख.

तेच पठार. तळवा टेकवत नाही इतका कातळ तापलाय. हिरवं पान नाही, थेंबभर पाणी नाही. फुलं गेली कुठे? कंद मातीत, बिया फटींत, सगळी दम धरून. खाली उतारावर बायका मेलेली कारवी कापून भारे बांधताहेत. पावसाच्या आत कूड बांधायचे आहेत. तुम्हीही एक भारा डोक्यावर घ्या. कुसळं मानेत जातात, घाम डोळ्यांत उतरतो.

आणि मृगाची पहिली सर येते. मातीच्या वासानं छाती भरते न भरते तोच डोंगर तडतडायला लागतो. कापायची राहिलेली कारवीची बोंडं ओल लागताच लाह्यांसारखी फुटताहेत, बिया उडून तुमच्या गालावर, पाठीवर आदळताहेत. चार-पाच वर्षांची एक पोर त्या माऱ्यात तोंड उघडून पाऊस पितेय.

"पुढच्या फुलाला ही सासरी असंल," म्हातारी आजी तुमच्या कानाशी ओरडते. "गौरीसंगं माहेरी येईल!"

"म्या न्हाय जायाची," पोर म्हणते, आणि केसांतल्या बिया झटकायला डोकं तुमच्यापुढे करते.